ब्रुकलिनची गोदी आणि तिच्या विमानवाहू नौका

मुलांनो, मॅनहॅटन पुलावरून ब्रुकलिनला जाताना डाव्या हाताला, ईस्ट नदीच्या वळणावर, जुन्या मोठ्या इमारती दिसतात. तीच ब्रुकलिनची प्रसिद्ध नाविक गोदी. 'गोदी' हा शब्द मुंबईच्या आजी-आजोबांकडून तुम्ही ऐकला असेल. जहाजे जिथे बांधतात, दुरुस्त करतात, ती जागा म्हणजे गोदी.

अमेरिकन सरकारने ही जागा १८०१ साली घेतली. दुसऱ्या महायुद्धात येथे सुमारे ७०,००० माणसे काम करीत. त्यांत वेल्डिंग करणाऱ्या स्त्रियाही होत्या. 'बेनिंग्टन'पासून 'कॉन्स्टेलेशन'पर्यंत आठ विमानवाहू नौका येथे पूर्ण झाल्या.

एवढी अवजड नौका पाण्यात उतरवायची कशी? त्यासाठी असते सुकी गोदी. ही एक प्रचंड दगडी किंवा काँक्रीटची टाकीच समजा. दार बंद करून पाणी उपसायचे आणि कोरड्या तळावर नौका बांधायची. मग पाणी आत सोडले की नौका आपोआप तरंगते! येथली पहिली सुकी गोदी १८५१ साली पूर्ण झाली. महायुद्धाच्या वेळी हजार फुटांहून लांब गोद्या बांधल्या गेल्या.

अडचण मात्र वेगळीच होती. समुद्राकडे जाताना वाटेत मॅनहॅटन आणि ब्रुकलिन हे दोन पूल लागतात. म्हणून उंच डोलकाठी आडवी पाडता येईल अशी करावी लागे.

आता एक दुःखाची गोष्ट. १९ डिसेंबर १९६० रोजी 'कॉन्स्टेलेशन'चे काम चालू होते. एका फोर्कलिफ्टने कचऱ्याची लोखंडी पेटी ढकलली. पेटी एका पोलादी पत्र्याला लागली. पत्र्याने तेलाच्या टाकीचे बूच तुटले. तेल खालच्या मजल्यांवर वाहत गेले आणि पेटले. लाकडी परांच्या भराभर जळाल्या, धूर कोंडला. पन्नास कामगार दगावले. नाताळ अवघ्या सहा दिवसांवर होता.

मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. आमच्याकडेही मोठा बिघाड बहुधा असाच होतो. एकेक पायरी पाहिली तर किरकोळ, पण साखळी जुळली की अनर्थ. म्हणून 'एवढ्याने काय होतंय?' असे मनात आले, की मी या पेटीची आठवण काढतो. तुम्हीही काढा.

'कॉन्स्टेलेशन' दुरुस्त होऊन १९६१ मध्ये नौदलात दाखल झाली आणि २००३ पर्यंत सेवेत राहिली. गोदी मात्र १९६६ मध्ये बंद झाली. पुढे शहराने ती जागा घेतली. आज तेथे अनेक लहानमोठे उद्योग आहेत, चित्रपटांचा स्टुडिओही आहे. पुढच्या वेळी पुलावरून जाल तेव्हा त्या पन्नास जणांची आठवण ठेवा.

शब्दार्थ
विमानवाहू नौका – जिच्यावरून विमाने उडतात आणि उतरतात ती युद्धनौका
डोलकाठी – जहाजावरचा उंच खांब
परांची – उंचावर काम करण्यासाठी बांधलेला तात्पुरता माळा
दगावणे – मरण पावणे

प्रश्न
१. सुक्या गोदीत नौका कशी तरंगवतात? चित्र काढून दाखवा.
२. डोलकाठी आडवी का पाडावी लागे?
३. आगीच्या साखळीतली कोणती कडी तोडता आली असती? आई-बाबांशी बोलून पाच वाक्ये लिहा.

– एक पालक