‘राजी’ : कथा कोणाची, हात कोणाचे?

व्हिडिओ गेमला आपण साहित्याच्या पंक्तीला सहसा बसवीत नाही. परंतु जो खेळ कथेच्या आधारावर उभा असतो, त्यात कथनाचे प्रश्न टाळता येत नाहीत. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने तयार केलेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला ‘राजी’ हा खेळ या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात राजी निघते, आणि दुर्गा व विष्णू वरून तिच्याकडे पाहत आपसांत बोलत असतात. मधले काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपाने येतात. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्यांना ते परके वाटणार नाहीत. सर्वांत सरस भाग भिंतीवरील चित्रांचा. चित्रकथीत कथेकरी चित्र आपल्यापुढे धरतो. येथे आपण चालत भिंतीपाशी जातो, तेव्हा पुराणकथा ऐकू येते. थांबावे की पुढे जावे, हे आपण ठरवतो. चित्रपटाला हे साधणे कठीण.

दोषही येथूनच सुरू होतो. भिंतीपाशी मोकळा असलेला खेळाडू कथेत मात्र बांधलेला राहतो. घटना ठरल्या वाटेनेच जातात, आणि राजीच्या पराक्रमाचा अर्थ बहुधा देवच सांगतात. उड्या आणि लढाया तेवढ्या आपल्या! त्यात महाबलासुराशी झालेल्या लढाईनंतर शेवट अगदी अकस्मात येतो. नाटकाचा तिसरा अंक घाईने उरकला, तर प्रेक्षक तिकिटाच्या पैशांबद्दल हळहळतो. येथे भावाला शोधण्यासाठी आपण स्वतः कित्येक तास झगडलेलो असतो, म्हणून ते अधिक लागते.