आधी पाणी, मग दोरी: बंदीनंतर नावेचं इंजिन सुरू करताना



मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. हे ६१ दिवस इंजिन घरात पडून राहतं. मग जामसांवली असो, सौसर असो की पांढुर्णा, बंदी उठायच्या सुमारास "चालतंय का बघू" म्हणून आपण अंगणातच दोरी ओढतो. घात इथेच होतो.

नावेच्या मागे लावायची बहुतेक इंजिनं पाण्याने थंड होतात. खालच्या जाळीतून पाणी आत येतं, पंपातला रबरी पंखा ते वर ढकलतो, आणि गरम सिलिंडरभोवती फिरून ते बाहेर पडतं. त्यातलंच थोडं पाणी इंजिनाच्या मागच्या बारीक भोकातून धार होऊन दिसतं. रबरी पंख्याला वंगण म्हणजे पाणीच. कोरडं चालवलं तर काही सेकंदांतच त्याची पाती घासून खराब होतात. तरी इंजिन चालतं, म्हणून नुकसान कळत नाही. कळतं ते धरणाच्या मध्यावर, इंजिन तापून बंद पडल्यावर. ऑगस्टमध्ये धरणं भरलेली, वारा जोरात आणि कधी दरवाजेही उघडे. तिथे बंद इंजिनाची नाव ओढीला लागली, तर प्रश्न इंजिनाचा नाही, जिवाचा असतो.

म्हणून चाचणी अशी घ्या:

१. मोठ्या ड्रमात पाणी भरा आणि इंजिन मजबूत फळीला पक्कं आवळा. पाणी जाळीच्या बरंच वर हवं. शक्य असेल तर पाण्यातला पंखा काढून ठेवा.

२. जागा उघडी हवी. बंद खोलीतला धूर जीव घेतो. पेट्रोलजवळ बिडी-काडी नको, लेकरं लांब ठेवा.

३. दोन महिन्यांचं जुनं पेट्रोल टाकीतून काढा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं. फोर-स्ट्रोक असेल तर ऑइल तपासा, टू-स्ट्रोक असेल तर पुस्तिकेतल्या प्रमाणातच मिसळा.

४. गिअर न्यूट्रलमध्ये, बंद करायची सुरक्षा-दोरी मनगटाला. मग सुरू करा आणि रेस न देता चालू द्या.

५. नजर धारेवर ठेवा. धार लगेच दिसली नाही तर इंजिन बंद करा. बंद केल्यावरच जाळी आणि भोक बारीक तारेने साफ करा. तरीही धार नाही, तर रबरी पंखा बदलायला मिस्त्रीकडे न्या.

६. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. आपोआप निवू द्या.

पावसाचं पाणी गढूळ असतं. रेती आणि गाळ तो रबरी पंखा झिजवतात, म्हणून उथळ पाण्यात इंजिन वर उचला आणि वल्ह्याने जा. नावेत वल्हं, दोरखंड आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट ठेवाच.

नावेत बसल्यावरही आधी मागे वळून धार बघा, मग काठ सोडा. ही माहिती आपल्या गावातल्या प्रत्येक नाववाल्यापर्यंत पोहोचवा.