पट्टी गेली कुठं? : मेसेज-ड्रिव्हन बीन आणि ट्रान्झॅक्शन

आपल्यातल्या निम्म्यांच्या घरचं सोयाबीन मोंढ्यात जातं. माल विकला की हातात पट्टी येते. त्या कागदाची किंमत हॉस्टेलवर कुणाला सांगायला नको. म्हणून फायनल इयरला आम्ही पट्ट्यांचाच प्रोजेक्ट घेतला.

काट्यावर वजन झालं की जेएमएसच्या क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, एक मेसेज पडतो. वाइल्डफ्लाय सर्व्हरवरचं मेसेज-ड्रिव्हन बीन तो उचलतं, शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम मांडतं आणि मग पट्टी लिहितं. डेटाबेस मायएसक्यूएल.

चाचणीला ५० मेसेज सोडले. पट्ट्या निघाल्या ४७. रांग रिकामी, सर्व्हर शांत!

चूक माझीच. ऑनमेसेज मेथडमध्ये ट्राय-कॅच लावून कॅचमध्ये नुसतं प्रिंट केलं होतं. कंटेनर-मॅनेज्ड ट्रान्झॅक्शनमध्ये कंटेनर आधी ट्रान्झॅक्शन सुरू करतो आणि त्यातच मेसेज हातात देतो. मेथड गुपचूप संपली की त्याच्या लेखी काम झालं. कमिट, आणि मेसेज कायमचा गेला. तेव्हा एक्सेप्शन पकडलंच तर कॉन्टेक्स्टवर सेटरोलबॅकओन्ली म्हणा, नाहीतर रनटाइम एक्सेप्शन सरळ बाहेर जाऊ द्या. मेसेज रांगेत परत येतो. (ऑनमेसेजला ॲट्रिब्यूट दोनच चालतात, रिक्वायर्ड आणि नॉट सपोर्टेड. काहीच लिहिलं नाही तर रिक्वायर्ड. बीन-मॅनेज्डच्या वाटेला जाऊ नका, त्यात मेसेज उचलणं तुमच्या ट्रान्झॅक्शनच्या बाहेर राहतं.)

दुरुस्ती केली, टेबलं रिकामी केली, पुन्हा ५० सोडले. पट्ट्या परत ४७, पण आता तीन शेतकऱ्यांच्या खात्यात दहापट रक्कम! पार्टनर म्हणाला, "असा मोंढा असता तर काय पाहिजे होतं!"

झालं असं. गावाचा कॉलम आम्ही १० अक्षरांचा ठेवलेला, आणि त्या तिघांच्या गावापुढं कुणीतरी तालुकाही टाइप केलेला. पट्टी लिहिताना दर वेळी एरर, दर वेळी रोलबॅक, मेसेज परत रांगेत. असा मेसेज कितीही वेळा दिला तरी पडणारच. वाइल्डफ्लायचा आर्टेमिस ब्रोकर, सेटिंग बदललं नसेल तर, दहा प्रयत्नांनंतर तो डेड लेटर क्यूमध्ये टाकतो. आमचे तिन्ही तिथं सापडले. पण खात्यातली रक्कम का मागं आली नाही? कारण डेटासोर्सचा जेटीए मी बंद ठेवला होता. मेसेज ट्रान्झॅक्शनमध्ये, डेटाबेस बाहेर. प्रत्येक अपडेट आपलं आपलं कमिट.

मग एक्सए डेटासोर्स लावला. आता ट्रान्झॅक्शन मॅनेजर आधी दोघांना, ब्रोकरला आणि डेटाबेसला, "तयार का?" विचारतो. दोघांनी हो म्हटलं तरच कमिट. वेळ थोडा जास्त जातो, पण पैशाच्या कामात तो द्यावाच असं माझं मत. शिवाय पट्टी नंबरला युनिक की लावली.

राहिला एसएमएस. गेलेला एसएमएस रोलबॅक होत नाही. म्हणून ऑनमेसेजमधून तो थेट न पाठवता त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये दुसऱ्या रांगेत टाकला. कमिट झाल्याशिवाय तो पुढं दिसतच नाही. एखाद्याला दोनदा जाईल कदाचित; न झालेल्या पट्टीचा मात्र जाणार नाही.

लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांतून कोड उतरवणाऱ्यांसाठी : २०२० च्या जकार्ता ईई ९ पासून पॅकेजच्या नावात 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' आलंय. आमची एक अख्खी रात्र त्यात गेली.

शेवटी कॉलम वाढवला, डेड लेटरमधले तिन्ही मेसेज मूळ रांगेत ढकलले आणि मध्येच सर्व्हरचा प्लग ओढला. परत चालू केल्यावर मोजल्या. पट्ट्या ५०, खाती बरोबर.