भाचीबाई, आधीच सांगून टाक

तळेघर,
१४ एप्रिल

चि. भाचीबाईस,


तुझा फोन आला तेव्हा मी अंगणात बाळहिरडा पसरत होतो. हात बरबटलेले, म्हणून मामीनं फोन माझ्या कानाला धरला आणि निम्मं तिनंच ऐकून घेतलं. पुण्याच्या टूर कंपनीत तुला घेतलं, आणि मे महिन्यात चाळीस माणसांबरोबर सहायक टूर मॅनेजर म्हणून युरोपला पाठवतायत, एवढं कळलं आणि रेंज गेली. आपल्याकडची रेंज तुला ठाऊक आहे. पण बरंच झालं. मला जे सांगायचंय ते फोनवर, शेजारीपाजारी ऐकत असताना सांगण्यासारखं नाही.

व्हिसा, हॉटेलं, तिकिटं हे तुला कंपनी शिकवील. त्यात मी काय शिकवणार? मी एकदाच गेलो, २०१७ च्या मे महिन्यात, ग्रॅच्युइटीच्या पैशातून. पण पस्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केली आणि पंधरा दिवस त्या बसच्या तेराव्या सीटवर बसून चाळीस माणसं बघितली. बसमध्ये माणसाला ठाऊक नसल्याचा त्रास फारसा होत नाही. आपल्याला ठाऊक नाही हे दुसऱ्याला कळेल, याचा होतो. शाळेत हेच बघितलं होतं, पण पन्नास-साठ वर्षांची, हुद्द्यावरून उतरलेली माणसंसुद्धा पहिलीतल्या पोरासारखी गप्प बसतात, हे तिथं कळलं.

आता आमचीच गोष्ट सांगतो. तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

पॅरिसची पहिली रात्र. विमानानं अंग आंबलेलं. पहाटे पाचला उठून मी आंघोळीला गेलो. बादली नाही, तांब्या नाही. टब होता, वर फवारा, आणि बाजूला प्लॅस्टिकचा पडदा. मी टबात उभा राहिलो, पडदा राहिला टबाच्या बाहेर. मनसोक्त आंघोळ केली. बाहेर पाय टाकला तर घोट्याला पाणी लागलं. त्या बाथरूमच्या जमिनीला मोरीच नाही, भाचीबाई! पाणी जाणार कुठं? ते दाराखालून खोलीत गेलं होतं आणि गालिचा पिऊन बसला होता. मामी पलंगावर पाय वर घेऊन बसलेली. आम्ही दोघांनी आधी टॉवेल टाकले, मग माझी लुंगी, मग तिची नवी शाल. पिळायचं आणि टबात ओतायचं, पिळायचं आणि ओतायचं. भाताच्या खाचराचा बांध फुटल्यासारखी आमची गत. मामी एकच म्हणत होती, "कुणाला सांगू नका हो." नाश्त्याला आम्ही कोपऱ्यात बसलो, चोरी केल्यासारखे. हॉटेलचा माणूस जवळून गेला की माझा घास घशात अडकायचा.

सहा दिवसांनी, स्वित्झर्लंडात, पुण्याचे एक निवृत्त बँकवाले माझ्याशेजारी येऊन बसले. इकडचं तिकडचं बोलले आणि एकदम आवाज उतरवून म्हणाले, "गुरुजी, पॅरिसला तुमच्याकडं... पाण्याचं काही झालं का?" मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि आम्ही दोघं असे हसलो की मागच्या सीटवरच्या बाई उठून विचारायला आल्या. त्यांच्याकडंही तेच! संध्याकाळपर्यंत वीसपैकी सात खोल्या कबूल झाल्या. सात खोल्यांतली चौदा माणसं सहा दिवस एकेकटी आपापली लाज सांभाळत फिरली.

आमचा मॅनेजर वाईट नव्हता. पॅरिसला पोचलो त्या संध्याकाळी त्यानं माईकवर आयफेल टॉवर १८८९ सालचा, किती उंच, किती लोखंड, सगळं सांगितलं. त्याऐवजी दोन वाक्यं पुरली असती: पडदा टबाच्या आत सोडा, बाहेर मोरी नाही. ते त्याला सांगावंसं वाटलं नाही, कारण त्याला ते केव्हाच येत होतं. मास्तर लोकांचाही हाच रोग. आपल्याला येणारी गोष्ट कधी काळी येत नव्हती, हे आपण विसरतो.

म्हणून पहिल्या संध्याकाळी, खोल्यांच्या चाव्या हातात देण्याआधी, बसमध्येच सांगून टाक. सगळ्यांना एकदम, साध्या मराठीत, हसत. पडदा, मोरी, भिंतीतल्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय न लागणारे दिवे, संडासात पाण्याऐवजी कागद, नळाचं पाणी पिता येतं ते. एकेकट्याला बाजूला घेऊन मात्र सांगू नकोस, तो म्हणेल हिला मी अडाणी वाटलो. आणि हसायला कुणी लागलंच तर माझं नाव घे. "माझ्या मामानं पॅरिसची खोली बुडवली होती" असं खुशाल सांग. मामीची परवानगी मी काढतो.

लाज खरं तर विमानाच्या आधीच सुरू होते. शेंगेन व्हिसाला दहाही बोटांचे ठसे घेतात. माझे लगेच उठले. मामीचे उठेनात. जन्मभर भाताची लावणी, नाचणीची खुरपणी, भांडी, राख. बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. काउंटरवरची मुलगी म्हणायची, "पुन्हा ठेवा, नीट दाबा." मामी दाबायची, यंत्र नाही म्हणायचं, रांग मागं कुजबुजायची. शेवटी कुणीतरी बोटं ओल्या फडक्यानं पुसून घेतली, थोडं क्रीम चोळलं, तेव्हा चौथ्या-पाचव्या खेपेला जमलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "माझ्या हाताला काय खोट हाय?" मला उत्तर सुचलं नाही. तुझ्या यादीत शेतकरी, मजूर, धुणीभांडी केलेल्या बायका असतील तर त्यांना आधीच सांग की ठसे उठायला वेळ लागतो, त्यात वावगं काही नाही, दोन दिवस आधीपासून हाताला तेल लावा. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, पुन्हा द्यावे लागत नाहीत. मामी तेव्हा म्हणायची, तेवढ्यात परत जायला पाहिजे, नाहीतर ते दाबणं वाया जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि मुलगी म्हणून तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. बायका बसमध्ये पाणी पीत नाहीत. थांबा कधी येईल माहीत नसतं, बस थांबवायला सांगणं जिवावर येतं, आणि स्वच्छतागृहाला नाणं लागतं ते नवऱ्याच्या खिशात. स्वित्झर्लंडात मामीनं दोन दिवस घोट-घोट पाणी घेतलं. तिसऱ्या दिवशी युंगफ्राउयोखला चढलो, म्हणजे आगगाडीनं. डोंगराच्या पोटातून बोगदा खणून १९१२ साली तिथवर रेल्वे नेलीय. स्टेशन ३४५४ मीटरवर. आपल्या दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी दीडशेहून जास्त मीटर कमी पडतील. सगळे बर्फात फोटो काढत होते आणि मामी भिंतीला धरून खाली बसली. डोळ्यांपुढं अंधारी. मला वाटलं हृदयाचं काही. तिथल्या माणसानं पाणी पाजलं, बसवून ठेवलं, अर्ध्या तासानं खाली आणली. हवा विरळ होतीच, पण पोटात पाण्याचा थेंब नव्हता हे तिनं मला रात्री सांगितलं. बर्फ तिनं बघितलाच नाही म्हण ना.

तेव्हा थांबे आधी सांगत जा: आता दोन तासांनी, मग तीन तासांनी. आणि पन्नास सेंटची, एका युरोची नाणी स्वतःजवळ ठेव. कुणी मागायची वाट बघू नकोस.

थांब्यांवरून ड्रायव्हरची आठवण झाली. आमचा हंगेरीचा होता, अबोल. लोक उशिरा यायचे, मॅनेजर खेकसायचा, लोक रुसायचे. मला वाटायचं, दहा मिनिटांनी काय बिघडतं? मग एका थांब्यावर खुणांनी त्याच्याशी गप्पा मारल्या, पोरांचे फोटो बघितले, तेव्हा त्यानं गाडीतलं यंत्र दाखवलं. त्याचं कार्ड त्यात असतं आणि चाक फिरलेल्या मिनिटामिनिटाची नोंद होते. साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्यात फार तर दोनदा दहा. कायदाच तसा. नियम मोडला तर दंड. आपले दहा मिनिटांचे उशीर साठत गेले की त्याच्या विश्रांतीची वेळ गाठायला संध्याकाळी एखादं ठिकाण कापलं जातं. हे मी बसमध्ये सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी सगळे पाच मिनिटं आधी हजर! माणसाला कारण सांगितलं की तो ऐकतो, नुसता हुकूम केला की वर्गातल्या पोरासारखा मुद्दाम रेंगाळतो.

खाण्याचं फार सांगत नाही. खुरासणीची चटणी नेऊ देत, चिवडा नेऊ देत. पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. आमच्यातल्या एका आजींनी भीमाशंकरच्या प्रसादाचे पेढे नेले होते. ते विमानतळावर टाकून द्यावे लागले आणि प्रसाद टाकला म्हणून त्या पंधरा दिवस खंतावल्या. निघण्याआधी एक फोन पुरला असता.

तुझे शहरातले मित्र म्हणतील, गटानं जाणं म्हणजे मेंढरांचा कळप. ऐकून घेऊ नकोस. थॉमस कुकनं १८४१ साली इंग्लंडात लेस्टरहून लफबराला दारूबंदीच्या सभेसाठी पाचशेच्या आसपास माणसं एका गाडीनं नेली, तिथून हा धंदा सुरू झाला असं पुस्तकात असतं. पण त्याच्या थोडं आधीच आपल्या हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला दिंड्यांची शिस्त लावली होती. मी चार वर्षं आळंदीहून चाललोय. दिंडीला क्रमांक, भिशीचे, म्हणजे जेवणाचे, पैसे आधी, सामान ट्रकमध्ये, मुक्काम ठरलेला. तुमच्या कंपनीत याहून निराळं काय आहे? केसरीभाऊ पाटलांनी १९८४ मध्ये टूर कंपनी काढली, वीणाताई पाटलांनी २०१३ मध्ये. आपल्या माणसांनी त्यांच्यामागं जायला वेळ लावला नाही तो यामुळंच. चाल आधीच पायात होती.

दिंडीत मला एक गोष्ट आवडते. तिथं लाजेला जागाच नाही. पहाटे तीनला म्हातारा ओरडून सांगतो: टँकर आला, बायकांनी आधी, आडोसा तिकडं. सगळं उघड, सगळ्यांदेखत. चुकामूक झाली तर काय करायचं तेही आधीच पाठ: आहेस तिथंच बस, दिंडीचा क्रमांक सांग. व्हेनिसच्या गल्ल्यांत हेच सांग तुझ्या लोकांना. शोधत फिरू नका, उभे राहा. आणि प्रत्येकाच्या खिशात मराठीत आणि इंग्रजीत तुझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू दे. मोबाईलची बॅटरी त्याच दिवशी संपते.

जुन्नरच्या लेण्यांत मी पोरांना न्यायचो, तुलाही नेलं होतं, आठवतं? नाणेघाटातून व्यापारी तांडे चढायचे त्या काळातले लेख आहेत तिथं. इरिल नावाच्या यवनानं दोन पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी, दान दिली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं भोजनमंडप दिला. तेव्हा तू विचारलं होतंस, परदेशी माणसानं देऊळ का नाही बांधलं? मी काहीतरी ठोकून दिलं होतं. आता वाटतं, ते परक्या मुलखात चालून आलेले होते, त्यांना ठाऊक होतं पहिल्यांदा काय लागतं ते. (शाळेत बरोबर उत्तर मास्तरला वीस वर्षांनी सुचतं, हा आमचा धंदा.)

बाकी बघण्यासारखं तू बघशीलच. रोमला आम्हाला अर्धा दिवस दिला होता, त्याचा राग अजून आहे, पण तो तुझ्यावर काढत नाही. ऱ्हाइनचा धबधबा मात्र नीट दाखव. उंची अवघी तेवीस मीटर, जुलैत आपल्या डोंगरांवरनं याहून उंच पाणी कोसळतं. पण रुंदी दीडशे मीटर आणि ऐन उन्हाळ्यात भरलेला, कारण वर बर्फ वितळतो. एप्रिल-मेमध्ये हंडा घेऊन उतरणाऱ्या आपल्या बायकांना ते बघून काय वाटतं, ते मामीला विचार. ती तिथं बराच वेळ काही बोलली नव्हती.

तुझा दादा रविवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर पिशवी पाठवतोय. चटणी आहे, हिरड्याची पूड आहे पोट बिघडलं तर, आणि तळाला एक प्लॅस्टिकचा मग आहे. तो तुझ्यासाठी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादी म्हातारी तुझ्याजवळ येऊन घुटमळेल, काहीच न बोलता परत जाईल. तिच्या खोलीत नेऊन ठेव.

तुझा,
मामा