मुरमाड जमिनीतील उपेक्षित बागेची अल्प खर्चात सुधारणा

पठारावरील दुष्काळी टापूत बहुतेक प्रत्येक खेड्यात विहिरीच्या आसपास पाच-दहा गुंठ्यांची एखादी जुनी बाग ओस पडलेली आढळते. कोठे १९७२ च्या अथवा २०१२-१३ च्या दुष्काळात विहीर आटली. कोठे भावाभावांत वाटण्या झाल्या. तर कोठे करते माणूस पोटासाठी शहरात गेले. लिंबाची चार-सहा झाडे, दोन आंबे, बांधावरच्या बोरी आणि सर्वत्र माजलेली हरळी एवढेच मागे उरते. अशी बाग पुन्हा हाती घेणारे कुटुंब बहुधा पैशाने तंगच असते. तथापि पहिल्याच वर्षी ट्रॅक्टरने जमीन उलथून टाकावी, उसनवारीने विकतची माती व कलमे आणावीत, असा मोह त्याला होतो. नांगराच्या फाळाने जुन्या झाडांची वरच्या थरातील तंतुमुळे तुटतात, आणि नव्या कलमांना पाणी पुरत नाही. दोन उन्हाळ्यांत जुनी झाडे व नवी कलमे दोन्ही जातात व देणे तेवढे शिल्लक राहते. म्हणून आरंभ खरेदीने न करता पाहणीने करावा.

मोकळ्या जागेत तीन फूट खोल खड्डा खणून त्याच्या भिंतीचे निरीक्षण करावे. वर नऊ इंचांहून कमी माती व खाली मऊ, कुदळीने फुटणारा मुरूम असल्यास निराश होण्याचे कारण नाही. अशा मुरमात फळझाडाची मुळे उतरू शकतात. खाली अखंड कातळ लागला तर मात्र त्या जागी झाड लावण्याचा विचार सोडावा. खड्ड्यात चुनखडीचे पांढरे खडे विपुल दिसत असतील आणि लिंबाची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या अशी दिसत असतील, तर त्या झाडांवर पैसा घालणे शहाणपणाचे नाही. लोह जमिनीत असूनही झाडास ते घेता येत नाही, व वरून दिलेले खत हा दोष काढीत नाही. तेथे बोर व सीताफळ हीच पिके बरी. मातीची तपासणीही करून घ्यावी. नमुना झाडाखालील, उकिरड्याजवळील अथवा नुकतेच खत टाकलेल्या जागेचा घेऊ नये. अनेक ठिकाणची माती एकत्र मिसळून त्यातील सुमारे अर्धा किलो पाठवावी. फळझाडांसाठी प्रत्येक फुटाच्या थराचा नमुना निराळा ठेवणे इष्ट होय.

त्यानंतर झाडांची पारख करावी. फांदीची साल नखाने किंचित खरवडली असता खाली हिरवा रस दिसला तर ती फांदी जिवंत समजावी. उन्हाळ्यात केवळ वाळलेले लाकूड, बांडगुळे आणि कलमाच्या सांध्याखालून निघालेले फुटवे काढावेत. हे फुटवे मूळ खुंटाचे असतात. मोसंबीच्या पडीक बागेत ते इतके माजतात की मूळ कलम मरून जंगली खुंटच झाड होऊन बसतो, व मालक त्यालाच वर्षानुवर्षे पाणी देत राहतो! मोठ्या कापांवर १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना १० लिटर पाण्यात मिसळून केलेला बोर्डो मलम लावावा. मोरचूद व चुना मातीच्या वा प्लॅस्टिकच्या भांड्यात निरनिराळे भिजवून मग एकत्र करावेत. लोखंडी भांडे वापरू नये. मिश्रणात घासलेले लोखंडी पाते क्षणभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढल्यास चुना आणखी घालावा.

बोरीचे झाड हे गरिबाच्या बागेतील खरे भांडवल होय. बांधावरील गावठी बोरीची मुळे आधीच खोल गेलेली असतात. नव्या कलमाला ती मिळवण्यास वर्षे लागतात. अशी बोर चैत्र-वैशाखात जमिनीपासून दोन-तीन फुटांवर छाटावी. नव्या फुटव्यांतील जोमदार दोन-तीनच राखावेत, आणि पावसाळ्यात त्यांवर उमराणसारख्या चांगल्या जातीचा डोळा भरावा. गावातील डोळे भरणाऱ्या माणसाच्या मजुरीपलीकडे याला खर्च नाही.

आता जमिनीकडे वळावे. हरळी व लव्हाळा उन्हाळ्यात हाताने खणून त्यांच्या काशा व गाठी कडक उन्हात वाळवाव्यात. ओल्या काशा खतात टाकल्यास त्या पुन्हा शेतात येतात. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आलेले गाजर गवत आता सर्वत्र पसरले आहे. ते फुलावर येण्यापूर्वी उपटले तर खतास चालते. मात्र त्याने अंगास खाज सुटते, म्हणून हाताला फडके बांधून काम करावे.

हलक्या जमिनीला हवे असते ते पाणी धरून ठेवणारे सेंद्रिय द्रव्य. दहा गुंठ्यांस सुमारे ५ किलो तागाचे बी पहिल्या चांगल्या पावसावर, झाडांची आळी सोडून फेकावे. सहा-सात आठवड्यांनी, फुले दिसू लागताच, ताग कापून मातीत मिसळावा. बी धरेपर्यंत वाट पाहिल्यास खोड तंतुमय होते व लवकर कुजत नाही. बांधावर गिरिपुष्पाची खुंटे लावली की पुढील वर्षांत पाला घरचाच मिळतो.

शेण थोडे व काडीकचरा भरपूर, अशी स्थिती असेल तर यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी प्रचारात आणलेली नाडेप पद्धत सोयीची आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच हौदात काडीकचऱ्याचा सहा इंच थर, त्यावर शेणाचे पाणी व त्यावर चाळलेली माती, असे थर रचून वरून लिंपून घेतात. एका हौदास सुमारे १०० किलो शेण पुरते. विटांना पैसे नसतील तर तुरकाट्यांचा कूड उभारूनही काम भागते. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. अर्धवट कुजलेले शेणखत मात्र घाईने घालू नये. त्यामागोमाग हुमणी व वाळवी येते.

गाळाविषयी थोडा हिशेब पाहावा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, व एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजेच एका ब्रासने एका गुंठ्यावर जेमतेम एक इंचाचा थर होतो. दहा गुंठ्यांवर दोन इंच गाळ पसरावयाचा तर १८ ब्रास लागतील. राज्यात २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेमुळे गाळाचा प्रश्न अनेक गावांत सुटला, पण वाहतूक जड जाते. म्हणून पहिल्या वर्षी गाळ सर्व जागेवर न पसरता केवळ आळ्यांत घालावा. क्षारयुक्त गाळ मुळीच आणू नये.

आळे बुंध्याशी नव्हे, तर झाडाच्या पसाऱ्याच्या कडेखाली करावे; अन्न घेणारी मुळे तेथे असतात. लिंबाच्या बुंध्यास पाणी लागल्यास डिंक्या रोग होतो, म्हणून बुंध्याभोवती मातीची भर देऊन बाहेरून दुसरे आळे काढावे. उतारावर आळ्याच्या खालच्या बाजूस अर्धचंद्राकृती बांध घालावा. दहा मिलिमीटर पाऊस पडला तर एका गुंठ्यावर सुमारे १,००० लिटर पाणी पडते; ते वाहू देऊन पुढे टँकर मागवणे परवडणारे नाही. पावसाळा सरताच आळ्यात पाचट अथवा वाळलेल्या गवताचे तीन-चार इंच आच्छादन करावे व ते बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावे.

रोख पैसा थोडाच असेल तर तो प्रथम कुंपणावर खर्चावा. शेळ्या आत शिरल्या की बोरीच्या भरलेल्या डोळ्यांसह सर्व श्रम एका दुपारीत जातात. त्या वर्षी काटेरी फांद्यांचे कुंपण करून त्यालगत सागरगोटा किंवा करवंदाचे बी टाकावे.

लिंबावर पहिल्याच वर्षी फूल भरपूर येऊ शकते. अशक्त झाड मरणापूर्वीही असेच फुलते. त्या सुमारास उक्ते माल घेणारा व्यापारी दारी येतो व घरात पैशाची निकड असते. तरीही वाळलेली फांदी बरीच निघालेल्या झाडावरील फुले झाडून टाकावीत. पालवी सशक्त असेल त्याच झाडावर थोडी फळे राखावीत. गावपातळीवरील कार्यकर्त्याने या वेळी एक फेरी अवश्य मारावी व प्रत्येक झाडाजवळ उभे राहून, कोणत्या झाडाचा बहार धरावयाचा व कोणत्याचा सोडावयाचा, हे घरच्या स्त्री-पुरुषांसमक्ष चुन्याच्या खुणेने ठरवून द्यावे.