बीडच्या काळ्या दगडात तांबं का नाही?

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत, मिशिगनला गेलो होतो. तिथल्या किविनॉ भागात काळ्या पाषाणात तांबं सापडलं आणि बंद पडलेल्या खाणी आता पायवाटा आखून लोकांना दाखवतात. काळा पाषाण आमच्याकडेही आहे. मग तांबं का नाही? आणि दाखवण्यासारखं काहीच नाही का?
— एक वाचक, गेवराई

उत्तर : दगड तुम्ही बरोबर ओळखलात. दोन्हीकडचा खडक लाव्ह्याचा, बेसाल्टच. फरक पडला तो पुढे त्या खडकावर काय गुजरलं यामुळे. किविनॉचा लाव्हा सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा. तो कित्येक किलोमीटर खोल गाडला गेला, तापला. तापलेल्या पाण्याने खडकात विखुरलेलं तांबं विरघळवून घेतलं आणि वर येताना भेगांत, बुडबुड्यांच्या पोकळ्यांत शुद्ध धातू म्हणून सोडून दिलं. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, आणि तो तेवढा गाडला गेला नाही. तांबं त्यातही आहे, पण टनामागे शे-दोनशे ग्रॅम आणि तेही सगळीकडे पसरलेलं. पोकळ्या मात्र आपल्याही भरल्या. विहिरीला सुरुंग लावला की दगडातून पांढऱ्या, चमकत्या गारा निघतात ना? त्यांतल्या कितीतरी झिओलाइट या खनिजाच्या असतात.

म्हणून बीडला खाण नाही. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'आहे' असं आहे, आणि ते तुमच्याच नदीच्या वरच्या अंगाला आहे.

राक्षसभुवनला गोदावरीत जे पाणी दिसतं, त्यात प्रवरेचंही पाणी असतं. त्या प्रवरेकाठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास तांबं वापरणारे शेतकरी राहत होते. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि त्या संस्कृतीला गावाचंच नाव पडलं. पुढे श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल झाडाचं खोड खणत असताना त्यांना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार धातुशिल्पं सापडली. वजन सगळं मिळून साठ किलोंच्या वर! इथल्या खडकात काढण्याजोगा धातू नाही, म्हणजे तो बाहेरूनच आला. मला किविनॉच्या खाणींपेक्षा हा प्रवास अधिक विलक्षण वाटतो. आणखी खाली त्याच काळातलं नेवासे, मग प्रवरा जिथे गोदावरीला मिळते ते प्रवरासंगम.

जोर्वे, दायमाबाद, नेवासे ही एका नदीवरची सरळ वाट आहे, ती आखायलाच हवी. किविनॉचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान १९९२ मध्ये झालं, पण तिथलं सगळं काही सरकार चालवत नाही; कितीतरी ठिकाणं स्थानिक संस्था आणि संग्रहालयं सांभाळतात. आपल्याकडेही ग्रामपंचायती, शाळा आणि पुरातत्त्व खातं यांना मिळून हे करता येईल. उत्खननाची जागा दाखवणारी मराठी पाटी, शिल्पांच्या प्रतिकृती आणि ती गोष्ट नीट सांगणारं गावातलंच कुणीतरी, एवढ्यावर सुरुवात होते.

गेवराई-माजलगावच्या गोदाकाठी पांढरीची माती उपसताना जोर्वेसारखी काळ्या रंगाने चितारलेली तांबडी खापरं किंवा हिरवट गंज चढलेला धातू दिसला, तर तो भंगारात घालू नका. काम थांबवा, जागेचा फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला कळवा. असा ठेवा सापडल्यावर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारकही आहे.