खोली आणि पाळी : गिरणगावातील वस्तीच्या संदर्भात 'अधांतर'चे वाचन

गिरणगावाशी निगडित साहित्याचा विचार करताना आपल्या समीक्षेने प्रामुख्याने दोन सूत्रे हाताशी धरलेली दिसतात : कामगाराचा संघर्ष आणि त्याच्या राहत्या जागेची टंचाई. पहिल्या सूत्राची चर्चा विपुल झाली आहे. दुसरे मात्र तपासून न पाहताच स्वीकारले गेले. खोली लहान, माणसे फार, म्हणून जगणे कोंडलेले, असा तो सरळ हिशेब आहे. या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निसटते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ती लक्षात घेतली असता जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाचे वाचन कसे बदलते, हे येथे पाहावयाचे आहे.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढे लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड, वरळी या पट्ट्यात गिरण्यांच्या सावलीत चाळी उभ्या राहिल्या. १९२०च्या दशकात सरकारी विकास खात्याने बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतील एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट. एका मजल्यावर अशा वीस खोल्या. खाजगी मालकांच्या चाळींत तर याहूनही लहान खोल्या होत्या. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी गाववार एकत्र राहत. एकेका सामाईक खोलीत इतके गडी असत, की सर्वांनी एकाच वेळी आडवे व्हावयाचे म्हटले तर ते शक्यच नव्हते. मग ही माणसे राहत तरी कशी होती?

या प्रश्नाचे उत्तर खोलीच्या मापात नसून 'पाळी' या शब्दात आहे. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. एकाने पथारी गुंडाळावी आणि दुसऱ्याने त्याच जागेवर ती पसरावी, असा हा क्रम. कुटुंबाच्या खोलीतही तोच प्रकार निराळ्या रीतीने चाले. रात्रपाळीचा बाप दिवसा झोपे, तेव्हा मुले गॅलरीत अभ्यास करीत आणि बायका आवाज दबवून बोलत. स्त्रियांना रात्रीच्या कामाची कायद्याने मनाई असल्याने तिसरी पाळी सर्वस्वी पुरुषांची होती. रात्रीची खोली त्यामुळे बायकामुलांच्या वाट्याला काहीशी मोकळी येई. खानावळ चालविणाऱ्या बाईचा दिवस मात्र तिन्ही पाळ्यांना बांधलेला. कोणाचा डबा पहाटे, कोणाचे ताट मध्यरात्री. पाळी म्हणजे क्रम, हा या शब्दाचा मूळ अर्थ नळावरच्या रांगेतही वापरात होता. गिरणीचा भोंगा आणि नळाचे पाणी या दोहोंनी मिळून वस्तीचा दिवस आखला होता. थोडक्यात, गिरणगावातील खोली जेवढी जागेत होती तेवढीच ती वेळेतही होती. दहा माणसांची खोली प्रत्यक्षात कोणत्याही एका प्रहरी दहाही माणसांची नसे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. ती कामगाराने निवडलेली नव्हती, आणि भर दुपारी तापल्या खोलीत झोप काढणाऱ्याला तिचे कौतुक सांगणे हा क्रूर विनोद ठरेल. परंतु व्यवस्था अन्यायाची असली तरी ती व्यवस्था होती, आणि तिच्या मोडण्याचे परिणाम स्वतंत्रपणे समजून घ्यावे लागतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. अनेक गडी गावी परतले, त्यामुळे सामाईक खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. कुटुंबांच्या खोल्यांत याच्या नेमके उलट घडले. बाहेर जाणारी माणसे घरात आली आणि घरातच राहिली. खोलीचे क्षेत्रफळ एका फुटानेही घटले नव्हते, तरी ती अपुरी पडू लागली.

'अधांतर'मधील धुरी कुटुंबाची खोली ही अशी खोली आहे. रंगमंचाची एक अडचण येथे उपयोगी पडते. कोणत्याही नेपथ्यकाराने चाळीतली खोली उभी केली तरी व्यावसायिक रंगमंचावर ती खऱ्या खोलीपेक्षा मोठीच दिसणार. तेव्हा कोंडमारा मापाने दाखविणे नाटककाराला शक्य नसते. पवार तो माणसांच्या एकाच वेळच्या उपस्थितीतून दाखवितात. लेखक होऊ पाहणारा बाबा, क्रिकेटच्या नादात बुडालेला मोहन, गुन्हेगारीकडे ओढला जाणारा नरू आणि बहीण मंजू या भावंडांपैकी कोणाच्याही येण्याजाण्याला आता भोंग्याचा आधार नाही. पूर्वी बाहेर पडणे म्हणजे कामावर जाणे होते, परतणे म्हणजे पाळी संपविणे होते. या मुलांचे बाहेर पडणे केवळ निघून जाणे असते आणि परतणे प्रत्येक वेळी नव्या भांडणाचे निमित्त होते. एकाचे स्वप्न दुसऱ्याच्या कानांवर आदळते, कारण दुसरा तेथे आहेच. या भांडणांचा अर्थ केवळ स्वभावभेदाने वा दारिद्र्याने लागत नाही. एकमेकांच्या अनुपस्थितीवर तोललेले कुटुंब सततच्या उपस्थितीत उघडे पडते, हे त्यांमागचे वास्तव आहे. आईचे काम तेवढे सुटत नाही. तिची पाळी गिरणीने ठरविलेली नव्हती, म्हणून गिरणीबरोबर ती बंदही झाली नाही.

या दृष्टीने नारायण सुर्वे यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांकडे पुन्हा पाहता येईल. सुर्व्यांची कविता रस्त्यावर, माणसांत निर्धास्तपणे वावरते. याचे श्रेय सहसा त्यांच्या मार्क्सवादी निष्ठेला दिले जाते आणि ते योग्यही आहे. तथापि ती कविता भोंगा वाजत असतानाच्या वस्तीतली आहे, हेही विसरता कामा नये. घराबाहेर पडण्याला तेव्हा ठिकाण होते. सुर्वे आशावादी आणि पवार निराशावादी, अशी जी वाटणी वर्गात सर्रास केली जाते ती म्हणूनच अपुरी वाटते. दोघांच्या मध्ये एक वेळापत्रक बंद पडलेले आहे.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विक्रीस खुल्या केल्या. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' (२०१०) या कथासंग्रहाच्या शीर्षकात ज्या गिरणीच्या नावाचा पडसाद ऐकू येतो, तिच्या आवारात आज मॉल आहे. वरळीच्या बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या सदनिकांचा ताबा २०२५ मध्ये दिला गेला. सदनिका पाचशे चौरस फुटांची, म्हणजे जुन्या खोलीच्या तिपटीहून मोठी. ही तुलना खोलीची खोलीशी आहे. मुले ज्या गॅलरीत अभ्यास करीत आणि उन्हाळ्यात निम्मी चाळ जेथे झोपे, ती गॅलरी १६० फुटांत धरलेली नव्हती.